पेनड्राइव्ह पुसला तर तो किती तापतो?

तालुक्याच्या गावातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वाचक लिहितात: ‘टी.वाय.च्या वर्गात ऊष्मागतिकी शिकवताना दोन विद्यार्थ्यांनी विचारलं, संगणकशास्त्राच्या तासाला शॅननची एन्ट्रॉपी (न कळलेल्या माहितीचं माप) शिकवतात, ती आणि आपली एन्ट्रॉपी एकच का? संगणकशास्त्राच्या मॅडमनी त्यांना सांगितलंय, एकच; माहिती म्हणजे ऊर्जाच. आमचे विभागप्रमुख सर म्हणतात, सूत्र दिसायला सारखं आहे, बाकी संबंध शून्य, पोरांच्या डोक्यात भलतं भरू नका. आता या दोघांना प्रोजेक्ट करायचाय: भरलेला 64 जीबीचा पेनड्राइव्ह पुसायचा आणि त्याला थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) लावून लॅन्डाउअरची उष्णता, म्हणजे माहिती पुसताना निघणारी किमान उष्णता, मोजायची. सर सही करायला तयार नाहीत. मला पोरांचा उत्साह मारायचा नाही, पण सरांशी वाद घालण्याइतकी खात्रीही वाटत नाही. कुणाची बाजू घेऊ?’

नमस्कार.

आधी प्रोजेक्टचं बोलू. त्याला तारीख असते, तत्त्वाचा वाद थांबू शकतो.

भौतिकशास्त्रज्ञ लॅन्डाउअरने 1961 साली मांडलेलं म्हणणं असं: ज्याची स्थिती ठाऊक नाही असा एक बिट ठरलेल्या स्थितीत (समजा शून्यात) आणून ठेवायचा तर भोवतालात निदान ‘केटी गुणिले 0.693’ इतकी उष्णता टाकावीच लागते. के म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, 1.380649 × 10⁻²³ जूल प्रति केल्विन, टी म्हणजे भोवतालचं तापमान, 0.693 हा दोनचा नैसर्गिक लॉग. 300 केल्विनला हा आकडा 2.87 × 10⁻²¹ जूल येतो. 64 जीबी म्हणजे 5.12 × 10¹¹ बिट. गुणाकार केला की 1.5 × 10⁻⁹ जूल. पेनड्राइव्हचं वजन दहा ग्रॅम आणि विशिष्ट उष्मा एक जूल प्रति ग्रॅम-अंश धरला, तर तापमान वाढेल 0.00000000015 अंशाने.

आता दुसरी बाजू. यूएसबीवरून 5 व्होल्टला 0.1 अँपिअर ओढला जातोय असं धरा, म्हणजे अर्धा वॉट. सेकंदाला 20 एमबी वेगाने 64 जीबी भरायला 3,200 सेकंद लागतात. तेवढ्या वेळात सर्किटमध्ये जिरलेली ऊर्जा 1,600 जूल. शोधायची ती उष्णता याच्या लाख कोटी पटींनी कमी आहे.

खरा धोका थर्मिस्टर काहीच दाखवणार नाही हा नाही. तो भरपूर दाखवेल! पेनड्राइव्ह हाताला गरम लागेल, आलेख सुरेख चढेल, आणि पोरं निष्कर्षात ‘लॅन्डाउअरचं तत्त्व सिद्ध झालं’ असं लिहून मोकळी होतील. त्यांना एकच उलटतपासणी करायला सांगा: शून्यांनी भरलेल्या ड्राइव्हवर पुन्हा शून्यंच लिहायची. माहिती काहीही मिटली नाही, तरी ड्राइव्ह जवळपास तितकाच तापेल. शिवाय ‘डिलीट’ किंवा क्विक फॉरमॅट केल्यावर फक्त फाइलींच्या यादीतली नोंद बदलते, आतला डेटा जागेवरच असतो. आणि वरून नवा डेटा लिहिला तरी फ्लॅशचा कंट्रोलर झीज सारखी व्हावी म्हणून तो दुसऱ्याच जागी लिहितो. नेमका कोणता बिट कधी पुसला गेला हेच कळत नाही, तर त्याची उष्णता कशी मोजणार?

म्हणजे सरांनी सही नाकारली ते बरोबरच केलं. कारण मात्र त्यांनी वेगळं दिलं, आणि ते तपासायला हवं.

तुमच्या पत्रात एक गृहीत आहे: दोन एन्ट्रॉपी एकतर ‘एकच’ असतील, नाहीतर ‘नुसतं साम्य’. हे दोनच पर्याय का? भौतिकशास्त्रज्ञ गिब्जचं एन्ट्रॉपीचं सूत्र (1902 च्या त्याच्या ग्रंथात ते सविस्तर आहे) आणि शॅननचं 1948 चं सूत्र, दोन्हींत संभाव्यता गुणिले तिचा लॉग, त्यांची बेरीज आणि मागे उणे चिन्ह. शॅननच्या सूत्रात विचारलेलं असतं: कुठल्याही संभाव्यता-वाटणीत सरासरी किती माहिती आपल्याकडे नाही? ती वाटणी फाशांची असो, मराठी अक्षरांची असो, पावसाच्या दिवसांची असो. गिब्जकडे वाटणी एकाच गोष्टीची: दाब, घनफळ, तापमान एवढंच ठाऊक असताना पदार्थाचे सगळे रेणू नेमके कुठे आणि किती वेगाने आहेत याची. तेव्हा समतोलातल्या पदार्थाची ऊष्मागतिक एन्ट्रॉपी म्हणजे एका विशिष्ट वाटणीची शॅनन एन्ट्रॉपी, तिला के गुणिले 0.693 ने गुणलेली (बिटमधून जूल प्रति केल्विनमध्ये यायला). उलट दिशेने हे चालत नाही. मराठी अक्षरांच्या एन्ट्रॉपीला त्याच आकड्याने गुणलं तर एकक जूल प्रति केल्विन येईल, पण त्या आकड्याला थर्मामीटरच्या जगात काही अर्थ नसेल. वर्गात कुणीही एन्ट्रॉपी म्हटलं की एकच प्रश्न विचारायची सवय लावा: संभाव्यता कशाची?

सर यावर म्हणतील, हा नुसता शब्दांचा खेळ आहे, उष्णता मोजून दाखवा. मग त्यांना बर्फाचं उदाहरण द्या. या विषयात याच्याइतकं ठोस उदाहरण क्वचित मिळतं, आणि का कोण जाणे, शिकवताना ते हमखास गाळलं जातं.

बर्फात प्रत्येक ऑक्सिजनला चार शेजारी ऑक्सिजन असतात आणि दर दोघांच्या मधल्या बंधावर एक हायड्रोजन. तो या ऑक्सिजनच्या जवळ असेल किंवा त्या. अट एकच: प्रत्येक ऑक्सिजनच्या जवळ बरोबर दोन हायड्रोजन हवेत, तरच तो पाण्याचा रेणू. पॉलिंगने 1935 मध्ये मोजणी केली. चारांपैकी दोन बंध निवडायचे मार्ग सहा. रेणूमागे बंध दोन, आणि प्रत्येक बंधावर दोन्ही बाजूंच्या रेणूंचं जमण्याची शक्यता निम्मी, म्हणून एक चतुर्थांश. सहाचा चतुर्थांश दीड. म्हणजे रेणूमागे दीड मांडणी. हायड्रोजन कुठे आहेत याबद्दल प्रत्येक रेणूमागे 0.585 बिट माहिती आपल्याकडे नाही. बर्फ कितीही थंड केला तरी ही मांडणी गोठलेलीच राहते, सुटत नाही. मोलमागे हिशोब 3.37 जूल प्रति केल्विन.

ही झाली कागदावरची मोजणी. 1936 मध्ये जिऑक आणि स्टाउट यांनी बर्फाचा विशिष्ट उष्मा 15 केल्विनपासून वर मोजत नेला, वितळण्याची आणि वाफ होण्याची उष्णता त्यात मिळवली, आणि वाफेची एन्ट्रॉपी वर्णपटावरून जी येते तिच्याशी ताडून पाहिली. कॅलरीमापी मोलमागे 3.4 जूल प्रति केल्विनने कमी भरला. हायड्रोजनबद्दलचं आपलं अज्ञान मोजून जो आकडा आला, तोच उष्णतेच्या हिशोबात तूट म्हणून निघाला. ‘संबंध शून्य’ म्हणणाऱ्याने या आकड्याचं काय करायचं ते सांगावं.

आता मॅडमचं ‘माहिती म्हणजे ऊर्जा’. हेही नाही. लॅन्डाउअरच्या सूत्रात टी आहे, तिथेच उत्तर आहे: तोच बिट 300 केल्विनला पुसायला जितकी किमान उष्णता लागते, त्याच्या निम्मी 150 केल्विनला. माहितीत ऊर्जा भरून ठेवलेली असती तर भोवतालचं तापमान बदलून ती बदलली नसती. माहितीचा हिशोब एन्ट्रॉपीच्या खात्यात जातो. ऊर्जेच्या खात्यात तो तापमानाने गुणल्यावरच येतो.

हा हिशोब कुठून सुरू झाला ते पोरांना सांगायला हरकत नाही, पण पाच मिनिटांत आटपा. मॅक्सवेलने 1867 च्या एका पत्रात वेगवान आणि मंद रेणू वेगळे करणारा द्वारपाल कल्पिला. झिलार्डने 1929 मध्ये त्याचं सर्वांत लहान यंत्र मांडलं: एका डब्यात एकच रेणू, मधोमध पडदा, रेणू डावीकडे की उजवीकडे ते पाहायचं, मग पडद्यालाच दट्ट्या करून रेणूकडून काम करून घ्यायचं. एका बिटाच्या मोबदल्यात केटी गुणिले 0.693 इतकं काम, तेही एकाच तापमानाच्या उष्णतेतून. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम मोडल्यासारखा दिसतो. बेनेटने 1982 मध्ये दाखवलं, की पाहणं तत्त्वतः फुकट होऊ शकतं. पण पाहिलेलं जिथे नोंदलं ती जागा पुढच्या फेरीसाठी कोरी करावी लागते, आणि तिथे लॅन्डाउअरची किंमत वसूल होते.

एक सावधगिरी. ‘पाहणं फुकट, पुसणं महाग’ हे वाक्य फळ्यावर नियम म्हणून लिहू नका. सागावा आणि उएदा यांनी 2009 मध्ये दाखवलं, की नोंदवहीच्या दोन स्थिती असमान असतील तर खर्च पुसण्याकडून पाहण्याकडे सरकू शकतो. दोन्हींची बेरीज मात्र लॅन्डाउअरच्या मर्यादेखाली जात नाही. आणि सरांची शंका अगदीच वेडगळ नाही हेही त्यांना कळू द्या: पिट्सबर्गचे विज्ञानतत्त्वज्ञ जॉन नॉर्टन यांनी लॅन्डाउअरच्या तत्त्वाच्या सिद्धतांमध्ये दुसरा नियम आधीच गृहीत धरलेला असतो, असा आक्षेप घेतला आहे. तो वाद सिद्धतेबद्दल आहे. प्रयोगांत आकडा मात्र मिळतो: 2012 मध्ये ल्याँच्या एकोल नॉर्मालमधल्या गटाने दोन मायक्रॉनचा सिलिकाचा मणी पाण्यात, लेझरच्या दोन खळग्यांत धरून ‘पुसण्याचं’ चक्र चालवलं. थर्मामीटर नव्हताच, मण्याच्या हालचालीवरून उष्णता काढली. चक्र जितकं संथ, तितकी सरासरी उष्णता मर्यादेच्या जवळ येत गेली.

‘एन्ट्रॉपी म्हणजे पसारा’ हेही तुमच्या वर्गात कुणीतरी म्हणत असणारच. एक हिशोब देते, तो करून घ्या. ग्रंथालयातली हजार पुस्तकं वाटेल त्या क्रमाने लागली असतील, तर क्रमाबद्दल न कळलेली माहिती 8,530 बिट. जूल प्रति केल्विनमध्ये 8 × 10⁻²⁰. एक ग्रॅम बर्फ वितळताना एन्ट्रॉपी 1.22 जूल प्रति केल्विनने वाढते. पसारा आवरणाऱ्याच्या घामातली एन्ट्रॉपी पसाऱ्याच्या एन्ट्रॉपीहून कितीतरी मोठी असते, म्हणून हे उदाहरण ऊष्मागतिकीत वापरू नये.

आता पोरांना पेनड्राइव्हऐवजी काय द्यायचं?

पहिला पर्याय तुमच्या प्रयोगशाळेत आजच होईल. बर्फाच्या सुप्त उष्णतेचं नेहमीचंच प्रॅक्टिकल, फक्त उत्तर बिटमध्ये. खोली 28 अंशांची असेल तर 150 ग्रॅम पाणी 34 अंशांवर घ्या आणि 22 पर्यंत उतरेल इतका बर्फ टाका. साधारण 18 ग्रॅम लागतो. खोलीच्या तापमानाच्या जितकं वर तितकंच खाली गेलं, की बाहेरून येणारी-जाणारी उष्णता बरीचशी फिटते. सुप्त उष्णता 334 जूल प्रति ग्रॅम आली तर मोलमागे एन्ट्रॉपी 22 जूल प्रति केल्विन, आणि वायुस्थिरांक गुणिले 0.693, म्हणजे 5.76 ने भागल्यावर रेणूमागे 3.8 बिट. बर्फाचं पाणी होताना प्रत्येक रेणूच्या ठावठिकाण्याबद्दल आणि गतीबद्दल इतकी माहिती आपल्या हातून जाते. हमखास चूक म्हणजे ओला बर्फ. 18 ग्रॅममध्ये दोन ग्रॅम पाणी चिकटून आलं तर 3.8 ऐवजी 3.4 बिट येतात. टिपकागदावर नीट टिपून मगच टाका, आणि बर्फ फ्रीजरमधून काढल्यावर वितळू लागेपर्यंत थांबा, नाहीतर तो शून्याच्या खाली असतो आणि उत्तर उलट्या बाजूला चुकतं.

दुसरा पर्याय लॅन्डाउअरचाच, पण संगणकावर. या दोघांचा ओढा पाहता हाच त्यांना द्या, आणि मॅडमना सहमार्गदर्शक म्हणून घ्या.

ल्याँच्या मण्याची नक्कल करायची. ऊर्जा केटीच्या एककात मोजू. विभव (कणाची जागा क्ष असताना त्याची स्थितिज ऊर्जा) ‘8क्ष⁴ − 16ग·क्ष² − फ·क्ष’ असं घ्या; ग ने उंचवटा आणि फ ने उतार ठरतो. ग एक आणि फ शून्य असताना उणे एक आणि अधिक एक इथे दोन खळगे मिळतात, मधला उंचवटा 8. डावा खळगा म्हणजे 0, उजवा म्हणजे 1. पुसणं म्हणजे कण कुठेही असो, शेवटी उजवीकडे आणणं. चार टप्पे: ग एकवरून शून्यावर (उंचवटा काढला), फ शून्यावरून 10 वर (उजवीकडे उतार दिला), ग पुन्हा एकवर, फ पुन्हा शून्यावर. प्रत्येक वेळ-पायरीला कणाची जागा बदलते ती बल गुणिले वेळ, अधिक दुप्पट वेळाचं वर्गमूळ गुणिले एक गॉसियन यादृच्छिक संख्या. बल म्हणजे ‘−32क्ष³ + 32ग·क्ष + फ’. वेळ-पायरी 0.001 ठेवा, 0.1 केली तर खळग्याच्या कडेला कण उसळून अनंताकडे पळतो आणि प्रोग्राम भलतेच आकडे छापतो. प्रत्येक पायरीला केलेलं काम ‘−16क्ष² गुणिले ग मधला बदल, उणे क्ष गुणिले फ मधला बदल’. त्याची बेरीज करत जा. एकूण चक्राचा वेळ 4, 8, 16, 32 असा बदला, प्रत्येकासाठी 2,000 कण चालवा, आणि सरासरी कामाचा आलेख ‘एक भागिले चक्रवेळ’ याच्यासमोर काढा. रेष मागे वाढवून ‘एक भागिले चक्रवेळ’ शून्य होतो तिथे कामाचा जो आकडा मिळेल तो 0.69 च्या आसपास यायला हवा.

तीन ठिकाणी फसगत होते. एक, सगळे कण डावीकडूनच सोडले, तर पुसायला अज्ञात असं काही उरतच नाही. या पद्धतीत काम तरीही 0.69 च्याच जवळ येतं, कारण पहिल्या टप्प्यात उंचवटा काढताच कण दोन्हीकडे पसरतो आणि माहीत असलेली गोष्ट वाया जाते. हे दोन्ही प्रकारे करून तुलना लिहिली तर प्रोजेक्टला वजन येईल. दोन, कण बरोबर उणे एक किंवा अधिक एकवर ठेवून लगेच चक्र सुरू केलं, तर तो खळग्यात स्थिरावलेला नसतो. आधी विभव न हलवता दोन एकक वेळ तसाच चालू द्या. तीन, आणि इथे पोरं आरडाओरडा करतील: काम 0.5 किंवा 0.4 येतं, दुसरा नियम मोडला! तसं झालं तर शेवटी किती कण खरोखर उजवीकडे आहेत ते मोजायला लावा. फ फारच लहान ठेवला, समजा 1 च्या आसपास, तर सगळे पोचत नाहीत. दहातले नऊच पोचले तर बिट पूर्ण पुसलेला नाही. नव्वद-दहाच्या वाटणीत 0.469 बिट अज्ञान शिल्लक आहे, म्हणून किमान कामही 0.693 नसून 0.368. त्याखाली आकडा गेला तर मात्र प्रोग्राममध्ये चूक आहे, बहुधा कामाच्या बेरजेत चिन्ह उलटं पडलेलं असतं.

प्रत्यक्ष चिपचा एक परिच्छेद अहवालात हवाच. एक फेम्टोफॅरड (10⁻¹⁵ फॅरड) धारकता 0.7 व्होल्टपर्यंत भारायला पुरवठ्यातून 4.9 × 10⁻¹⁶ जूल घेतले जातात, मर्यादेच्या सुमारे 1.7 लाख पट. मोबाइल तापतो तो या पटीमुळे. लॅन्डाउअरचं नाव मोबाइलच्या उष्णतेशी जोडणारी वाक्यं अहवालातून काढून टाका.

सरांपुढे प्रस्ताव नेताना शीर्षकात ‘माहिती आणि ऊर्जा’ असलं काही घालू नका. ‘द्विखळगी विभवात एका बिटाच्या पुनर्स्थापनेसाठी लागणारं किमान काम: संगणकीय अभ्यास’ असं साधं ठेवा, पहिल्या पानावर पॉलिंगचा बर्फाचा हिशोब द्या, आणि पेनड्राइव्हचा 1.5 × 10⁻⁹ विरुद्ध 1,600 जूल हा हिशोब पोरांनाच त्यांच्यासमोर मांडू द्या. बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षेत विचारतील, चक्र अगदी हळू केलं तर काम 0.69 च्याही खाली का जात नाही, आणि त्याहूनही हळू, हजार एकक वेळाचं केलं तर काय बिघडेल? दुसऱ्याचं उत्तर तयार ठेवा: उंचवटा 8 केटीचाच असल्याने साधारण चारशे एकक वेळात कण आपोआप पलीकडे उडी मारतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात उतार काढून घेताना पुसलेले काही बिट पुन्हा उलटतात.